सात हाली, सहा कलदार

माझ्या आजोबांच्या, आबांच्या, धोतराच्या सोग्याला बाजाराच्या दिवशी दोन गाठी असायच्या. एकीत निजामाचे हाली रुपये, दुसरीत इंग्रजांचे कलदार. आमचं गाव हदगावच्या बाजूला, पैनगंगेपासून दोन कोसांवर. नदीच्या अलीकडं निजामाचा मुलूख, लोकांच्या तोंडी मोगलाई. पलीकडं वऱ्हाड, म्हणजे इंग्रजी. उमरखेडच्या बाजाराला जायचं तर नदी ओलांडायची, करोडगिरीच्या नाक्यावर गाठोडं सोडून दाखवायचं आणि नाणं बदलायचं. सात हाली दिले की सहा कलदार मिळायचे. हा भाव सावकाराच्या लबाडीतून आलेला नव्हता. हाली रुपयात चांदी नऊ ग्रॅमच्या आसपास, कलदारात साडेदहाच्या वर. हिशेब चोख होता.

मी यातलं काही पाहिलेलं नाही. माझा जन्म १९४८च्या पोलीस ॲक्शननंतरचा. पण आजी हे सगळं इतक्यांदा सांगायची की त्या गाठी मला आजही दिसतात. दोन देशांतल्या जगण्याची तुलना हा विषय संपादकांनी सुचवला, तेव्हा अमेरिका किंवा युरोपच्या आधी मला पैनगंगा आठवली. माझ्या घरात हा विषय तिथूनच सुरू होतो.

तुलनेसाठी यापेक्षा चांगली जागा मिळायची नाही. दोन्ही काठांची जमीन काळी, पीक कापूस-ज्वारीचं, भाषा मराठी, सोयरिकी एकमेकांत. गंमत म्हणजे कागदोपत्री मालकही एकच. वऱ्हाड १८५३ साली निजामानं इंग्रजांच्या हवाली केलं आणि १९०२ साली कायमच्या पट्ट्यानं देऊन टाकलं, तरी नाव त्याचंच राहिलं. पुढं तर त्याच्या युवराजाला 'प्रिन्स ऑफ बेरार' असा किताबही मिळाला. सगळं सारखं, फक्त कारभाराची रीत वेगळी. एखाद्या अर्थशास्त्रज्ञानं मुद्दाम मांडावा तसा हा प्रयोग होता, आणि त्यात आमची तीन पिढ्यांची माणसं जगत होती.

मग आबा पलीकडं कशासाठी जायचे? बैल, कापड, मीठ-मिरची हे तर होतंच. पण आजीच्या सांगण्यात एक गोष्ट हमखास यायची. बाजार उरकला की आबा एका दुकानाच्या ओट्यावर बसून वर्तमानपत्र ऐकायचे. आबांना वाचता येत नव्हतं. कोणीतरी मोठ्यानं वाचायचं आणि पाच-पंचवीस माणसं ऐकायची. हे अलीकडं का होत नव्हतं? अलीकडं चार माणसं जमवून सभा घ्यायची तर सरकारची परवानगी लागे. 'गस्ती निशान ५३' हा आदेश जुन्या पिढीतल्या माणसांना पाढ्यासारखा पाठ होता. खासगी शाळा काढायलाही परवानगी. आ. कृ. वाघमाऱ्यांनी १९३८ साली 'मराठवाडा' नावाचं पत्र काढलं ते पुण्याहून. मराठवाड्यातून 'मराठवाडा' काढता येत नव्हता.

पलीकडं काही स्वर्ग नव्हता. साराही होता, सावकारही होता, आणि इंग्रजाच्या गोळ्याही होत्या. पण तिथं गाऱ्हाणं मोठ्यानं बोलता यायचं. आबा ते ऐकायचे आणि रात्री परत यायचे, कारण जमीन आणि गोठा इकडं.

त्याच काळात, २२ फेब्रुवारी १९३७च्या अंकात, 'टाइम' या अमेरिकी साप्ताहिकानं मुखपृष्ठावर निजाम उस्मान अली खान यांचा फोटो छापला आणि त्यांना जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हटलं. म्हणजे आमचे आबा जगातल्या सर्वांत श्रीमंत माणसाच्या देशात राहत होते! देशांची तुलना करणारे जेव्हा दरडोई सरासरी काढतात तेव्हा मला हे मुखपृष्ठ आठवतं. त्या श्रीमंतीतून हैदराबाद शहराला काय मिळालं ते खोटं नाही. १९०८च्या मुसी नदीच्या पुरानंतर विश्वेश्वरय्यांनी शहराच्या बचावाची आखणी केली, उस्मानसागर झाला, उस्मानिया दवाखाना झाला, १९१८ साली विद्यापीठ झालं. देशी भाषेतून उच्च शिक्षण देणारं ते विद्यापीठ आजही कौतुकानं सांगावं असं आहे. पण ती भाषा उर्दू होती. नांदेडच्या मराठी पोरासाठी ती तितकीच परकी होती जितकी इंग्रजी. नांदेडच्या वाट्याला गोदावरी खोऱ्याची मीटरगेज आली, उस्मानशाही मिल आली. खेड्याच्या वाट्याला वेठ आली. शिवाय देश एकच असला तरी जमिनीचे तीन प्रकार: दिवाणी म्हणजे सरकारी, जहागिरी, आणि सर्फ-ए-खास म्हणजे निजामाची खासगी. शेजारच्या गावाचा धनी वेगळा, तर तिथला जुलूमही वेगळ्या चवीचा. कोणत्या निजामशाहीची तुलना कोणत्या इंग्रजीशी करायची, हा पहिलाच प्रश्न सुटत नाही.

लातूरची गोष्ट थोडी वेगळी, कारण लातूर व्यापाऱ्यांचं. गंजगोलाईत चौफेर सोळा रस्ते येऊन मिळतात, आणि व्यापाऱ्याला सरहद्द म्हणजे भावातला फरक. कॅल्थ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरची अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली कुर्डुवाडीकडून बार्शीला आली आणि १९११ साली सरहद्द ओलांडून लातूरपर्यंत पोचली. बार्शी इंग्रजीत, लातूर मोगलाईत. या बोटभर गाडीनं लातूरचा माल मुंबईच्या बाजाराला जोडला. तूर, भुईमूग, कापूस इकडून तिकडं. कापड, छापील कागद आणि नवे विचार तिकडून इकडं. १९४७-४८मध्ये निजामाच्या बाजूच्या रझाकारांच्या भीतीनं माणसंही याच वाटेनं बार्शीकडं पळाली, आणि सरहद्दीवरच्या शिबिरांतून लढणारे परत आत शिरले. आमच्या बाजूला तेच काम उमरखेडनं केलं. ३० जानेवारी १९४८ला नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची बँक निजामाविरुद्धच्या लढ्यातल्या माणसांनी फोडली आणि ती रक्कम सरहद्दीपलीकडं नेली. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींचा खून झाला. आजी सांगायची, दोन्ही बातम्या गावात एकदमच आल्या आणि कशावर काय बोलावं ते कोणाला कळेना.

१३ सप्टेंबर १९४८ला सैन्य आलं, १७ला निजाम शरण गेला. आबा जागचे हलले नाहीत. देशच त्यांच्याकडं चालत आला. स्थलांतर करणाऱ्या माणसाची तुलना नेहमी गढूळ असते, कारण तो हुशारी, धाडस, ऋण असं बरंच काही बरोबर घेऊन जातो. इथं माणूस तोच, घर तेच, विहीर तीच. बदलला फक्त देश. वर्षभरात, ऑगस्ट १९४९मध्ये, जहागिरी गेल्या. १९५०मध्ये कुळकायदा आला. त्याच वर्षी नांदेडला पीपल्स कॉलेज निघालं. पुढं नरहर कुरुंदकर तिथं शिकवायला आले आणि प्राचार्य झाले. दोन पिढ्यांत आमचं घर वर्तमानपत्र ऐकणाऱ्या आबांपासून बँकेत खाती लिहिणाऱ्या माझ्यापर्यंत आलं. माझ्यापुरता हिशेब सरळ आहे.

पण तो फक्त माझ्यापुरता. त्याच सप्टेंबरात आणि त्यानंतर जे झालं त्याविषयी आमच्याकडं दबक्या आवाजातच बोलतात. सरकारनंच पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड हे सर्वांत जास्त होरपळलेले जिल्हे म्हणून नोंदवले. होरपळले ते मुसलमान. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. ज्यांचा रझाकारांशी काडीचा संबंध नव्हता असे गाडीवान, विणकर, बागवान मारले गेले. कचेरीतल्या उर्दू कारकुनाची लेखणी एका रात्रीत निकामी झाली. तो जर आज दिवाळी अंकात लिहायला बसला असता तर त्याच तारखेचा हिशेब त्यानं उलटा मांडला असता. 'देशाचं जीवनमान सुधारलं' हे वाक्य लिहिताना कोणाचं, हे खाली लिहायची सवय मला या गोष्टीनं लावली.

तुलनेची अधिकृत मापंही पाहू. १९९० साली पाकिस्तानचे महबूब उल हक यांनी अमर्त्य सेन यांच्यासारख्यांच्या मदतीनं मानव विकास निर्देशांक मांडला. आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न या तिन्हींचा एक आकडा. नुसत्या दरडोई उत्पन्नापेक्षा हे शंभरपट बरं. २०२५च्या अहवालात १९३ देशांत भारत १३०वा आहे. मी बँकेत आयुष्य काढलं. आकड्यांना नावं ठेवणारा माणूस नव्हे. पण खात्याला जमा आणि नावे अशा दोन बाजू असतात, आणि हा निर्देशांक मला एकबाजूचा वाटतो. तो माणसाला काय मिळतं ते मोजतो. माणसाला काय मागता येतं, आणि मागितल्यावर दारातून हाकलत नाहीत ना, ते मोजत नाही. आबा पैनगंगा ओलांडून जे आणायला जायचे ते या मोजणीत कुठंच बसत नाही.

एप्रिल २०१६मध्ये मी लातूरला बहिणीकडं होतो. मांजरा धरण कोरडं पडलेलं. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती. पाण्यासाठी पाचपेक्षा जास्त माणसं जमली तर गुन्हा. बहिणीच्या घरात पाण्याची उतरंड पाहण्यासारखी होती. आधी भाजी धुवायची, ते पाणी भांड्यांना, भांड्यांचं फरशीला, फरशीचं संडासाला. तिची सून गरोदर होती, तिला आंघोळीला एक बादली वेगळी. बाकीच्यांनी अंग पुसायचं. १२ एप्रिलला मिरजेहून दहा वाघिणी पाच लाख लिटर पाणी घेऊन आल्या, ३४२ किलोमीटरवरून. सगळ्या देशानं टीव्हीवर ती 'जलदूत' पाहिली. मी मनात मार्ग मोजत होतो: मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर. हीच ती जुनी बार्शी लाइट. रूळ रुंद झाले एवढंच. शंभर वर्षांपूर्वी ज्या वाटेनं लातूरचा माल बाहेर गेला त्याच वाटेनं पाणी आत आलं. आजही लातूर-धाराशिवकडची कॅन्सरची माणसं याच वाटेनं बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयात जातात. सरहद्द पुसून पाऊणशे वर्षं झाली, पायवाट तशीच आहे.

उलट्या वाटाही आहेत, त्या विसरून चालणार नाही. त्याच तहानलेल्या लातुरात त्या वर्षीही राज्यभरातून हजारो मुलं बारावी आणि प्रवेशपरीक्षांसाठी भाड्याच्या खोल्यांत राहत होती. शाहू कॉलेज, दयानंद कॉलेज आणि मग सगळं शहरच 'लातूर पॅटर्न' झालं. पाणी नसलेल्या गावात माणसं आपली पोरं ठेवतात, याचा अर्थ त्या गावात काहीतरी असलं पाहिजे. माझी मुलगी याच पॅटर्नातून निघाली. ती आता टेक्सासमधल्या डॅलसजवळ असते.

दोन वर्षांपूर्वी आम्ही दोघं तिच्याकडं पाच महिने राहिलो. पहिले पंधरा दिवस बायकोनं प्रत्येक गोष्टीला चौऱ्याऐंशीनं गुणलं. दोन डॉलरची मेथीची जुडी हातात धरून ती दुकानात उभीच राहिली. हाली-कलदारचा भाव निदान चांदीवर ठरायचा. डॉलरचा भाव मेथीला लावून काही कळत नाही. तिथं माणसाचे हात महाग, इथं माणूसच स्वस्त. तिथं केस कापायला जावईबापू कुरकुरतात, इथं आम्ही कामवालीच्या पगारात शंभर रुपये वाढवताना कुरकुरतो. आपल्या मध्यमवर्गाचं सुख कितीतरी अंशी दुसऱ्याच्या स्वस्ताईवर उभं आहे, हे मला मेथीच्या जुडीनं शिकवलं.

नळाचं सांगायला नको. पाच महिने मी एकदाही पाण्याचा विचार केला नाही. परत आल्यावर लक्षात आलं की इथं आयुष्यातली किती वर्षं मी नळाच्या आवाजासाठी एक कान उघडा ठेवून झोपलो. त्याची भरपाई कोणत्याच निर्देशांकात नाही.

पण एक गोष्ट खटकली. मुलीच्या वसाहतीत शाळेजवळ रस्ता ओलांडायची सोय नीट नव्हती. शेजारणी त्यावर सह्या गोळा करत होत्या. मुलीनं सही केली नाही. मी विचारलं तर म्हणाली, "बाबा, आपण इथं पाहुणे आहोत. कशाला उगीच." ही तीच मुलगी, जिनं नांदेडला कॉलेजात असताना बसपासच्या प्रश्नावर आगारप्रमुखाला दोन तास घेराव घातला होता. जावई 'एच-वन-बी' या कामाच्या व्हिसावर आहे. कायमच्या वास्तव्यासाठी कोणत्याही एका देशाला वर्षाच्या कोट्यातल्या सात टक्क्यांहून जास्त जागा नाहीत, त्यामुळं भारतीयांची रांग कित्येक वर्षांची. मत नाही, आणि रांगेत असेपर्यंत मोठा आवाजही नाही. जे हवं ते सगळं मिळतं. मागायची मात्र सवय सुटत चालली आहे.

२०२५च्या सप्टेंबरात जावई वडिलांच्या श्राद्धाला नांदेडला आला होता. शनिवारी सकाळी बातमी आली की 'एच-वन-बी'च्या अर्जावर एक लाख डॉलरचं शुल्क लागणार आणि रविवारपासून आदेश लागू. कंपन्यांचे निरोप आले, बाहेर असाल तर ताबडतोब परत या. दुसऱ्या दिवशी सर्वपित्री अमावस्या. घरात वड्यांची डाळ भिजत घातलेली. तो बॅग भरून गाडीनं हैदराबादच्या विमानतळाकडं निघाला. देगलूर ओलांडलं, तेलंगण लागलं, संगारेड्डीपर्यंत पोचला तेव्हा रात्र झाली होती. तिथं फोनवर खुलासा आला की शुल्क नव्या अर्जांनाच आहे, जुन्यांना नाही. त्यानं रस्त्याकडेला गाडी थांबवली आणि मला फोन केला. आवाज ओळखू येत नव्हता. चांगलं घर, चांगली शाळा, चोवीस तास पाणी. आणि एका कागदानं बत्तीस तासांत सगळं हलवता येतं. तो पहाटे परत आला. वडिलांना पान वाढलं, कावळाही शिवला.

त्या शनिवारच्या तीनच दिवस आधी, १७ सप्टेंबरला, त्यानं मुलाला मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या ध्वजवंदनाला नेलं होतं.

तेलंगणाचा उल्लेख आलाच आहे तर धर्माबादचं सांगतो, कारण माझ्या मते या विषयाची सर्वांत शहाणी माणसं तिथं आहेत. २०१८ साली धर्माबाद तालुक्यातल्या सरहद्दीवरच्या गावांनी जाहीर केलं, आम्हाला तेलंगणात घाला. मुंबई-पुण्याच्या लोकांना धक्का बसला. काहींनी अस्मितेची ढाल पुढं केली. पण गावकऱ्यांचा हिशेब साधा होता. पलीकडं त्या जानेवारीपासून शेतीला चोवीस तास फुकट वीज, मेपासून 'रयतु बंधू' योजनेचे एकरी चार हजार, तेही प्रत्येक हंगामाला. अलीकडं वीज पाळीनं. पाळी रात्रीची असली की दोन वाजता बॅटरी घेऊन मोटर चालू करायला जायचं, पायाखाली साप असो की विंचू. बांधाच्या एका बाजूला पाहुणा झोपलेला, दुसऱ्या बाजूला आपण जागे. याला लंडन-न्यूयॉर्कची आकडेवारी लागत नाही.

मी तेव्हा मुद्दाम जाऊन आलो. बासरच्या रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर एक जण म्हणाला, "साहेब, आम्हाला कुठं जायचंय? आमची मिरची इथंच विकते, तिकडचे लोकबी इथंच मिरची घ्यायला येतेत. आम्हाला फक्त तिकडची लाइट इकडं पाहिजे." धर्माबादचा मिरचीबाजार खरोखरच दोन्ही राज्यांच्या जिवावर चालतो. हा माणूस पलीकडच्या खात्यातली एकच ओळ वाचत होता, हेही खरं. 'रयतु बंधू' जमीनमालकाला मिळायचं. ठोक्यानं कसणाऱ्याला नाही. शंभर एकरवाला आणि तीन एकरवाला एकाच रांगेत. पण त्याला पलीकडचं रामराज्य सिद्ध करायचंच नव्हतं. शेजाऱ्याचं उदाहरण दाखवून तो स्वतःच्या सरकारकडं मागत होता. आबांना जे नदी ओलांडून ऐकायला जावं लागायचं ते हा माणूस आपल्याच टपरीवर बसून मोठ्यानं बोलत होता.

आणि मागण्याला फळ येतं, उशिरा का होईना. फेब्रुवारी २०२३मध्ये तेलंगणाचे तेव्हाचे मुख्यमंत्री चंद्रशेखर राव यांनी नांदेडला मोठी सभा घेतली. पुढच्याच महिन्यात महाराष्ट्राच्या अर्थसंकल्पात शेतकऱ्याला वर्षाला सहा हजार जाहीर झाले. २०२४मध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज आली. एकामुळंच दुसरं झालं असं मी म्हणणार नाही, मंत्रालयातली कारणं मला कुठं ठाऊक. पण बांधावरच्या माणसाला हा योगायोग वाटत नाही. राव २०२३च्याच डिसेंबरात निवडणूक हरले, ही गोष्टही धर्माबादच्या टपरीवर नीट नोंदली गेली आहे. वीज देणाऱ्यालाही लोक घरी पाठवू शकतात.

माझ्या परीनं निकाल द्यायचा तर असा: मुलीच्या घरी मिळणं इथल्यापेक्षा कितीतरी जास्त आहे, आणि ती परत येणार नाही हे मला कळतं. लातूरच्या बहिणीकडं मिळणं अजून लाज वाटावी इतकं कमी आहे, पण तिनं २०१६नंतर पाण्याच्या प्रत्येक मोर्चात हंडा घेऊन नाव लावलं. हाली आणि कलदारचा भाव ठरवता येत होता. या दोन खात्यांचा भाव मला अजून ठरवता आलेला नाही.

दिवाळीत नांदेडकडं येणं झालं तर जरा वाट वाकडी करून धर्माबादजवळ गोदावरीवर बाभळीचा बंधारा बघून या. पावणेतीन टीएमसी पाण्यासाठी महाराष्ट्र आणि आंध्र वर्षानुवर्षं भांडले. २८ फेब्रुवारी २०१३ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला. १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवायचे, आणि १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडायचं. २८ ऑक्टोबरनंतर गेलात तर चौदाही दरवाजे खाली आलेले असतील.